ट्योर्बेल : एका डोंगरी गावाची गावकी

आल्प्स म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. मागे बर्फाची शुभ्र शिखरे, पुढे हिरवीगार कुरणे, त्यांत गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आणि उतारावर उन्हाने काळवंडलेली चारदोन लाकडी घरे. हे चित्र आपण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहिलेले असते, चॉकलेटच्या वेष्टनावर पाहिलेले असते आणि हिंदी चित्रपटांतील गाण्यांमधून तर इतक्या वेळा पाहिलेले असते, की ते सगळे निसर्गाने एका सुटीच्या दिवशी आपल्या करमणुकीसाठी मांडून ठेवले आहे असे वाटावे. पण त्या मुलखातील शेतकऱ्याच्या लेखी 'आल्प' म्हणजे शिखर नव्हेच. वरची झाडी विरळ होते तिथपासून खडक आणि बर्फ सुरू होईपर्यंत जे उन्हाळी कुरण पसरलेले असते, त्याला तो आल्प म्हणतो. शिखराचा त्याला काही उपयोग नव्हता. तिकडे पाहून उसासे टाकणारे लोक फार नंतर, आणि बहुधा परदेशातून आले. त्याचे सारे लक्ष कुरणाकडे होते. कारण कुरणावर गाई, गाईंवर दूधचीज आणि दूधचीजावर घरची माणसे जगत होती.

हे कुरण कोणाचे, त्यावर कोणी किती गुरे चारावीत आणि ते कोणी ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर एका लहानशा गावाने पाचशे वर्षांपूर्वी कसे दिले, याची हकीकत आज सांगावयाची आहे. गावाचे नाव ट्योर्बेल. मी ते पाहिले आहे ते पुस्तकांतून. तेव्हा प्रवासवर्णनाची अपेक्षा कोणी करू नये.

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस वालिस नावाचे कँटन, म्हणजे घटकराज्य आहे. फ्रेंच बोलणारे त्याला वाले म्हणतात. ऱ्होन नदी या राज्याच्या मधून पश्चिमेकडे वाहत जाऊन जिनिव्हाच्या सरोवराला मिळते. तिला दक्षिणेकडून येऊन मिळणाऱ्या नद्यांपैकी एक फिस्पा. संगमाजवळ फिस्प हे बाजाराचे गाव आहे. तिथून दरीत शिरून वर चढू लागले, की श्टाल्डेनच्या वरच्या अंगाला एका तीव्र उतारावर ट्योर्बेलची घरे एकमेकांना चिकटून बसलेली दिसतात. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १५०० मीटर. आपल्या कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरवर आहे, यावरून कल्पना यावी. परंतु गावाची हद्द या एका उंचीवर संपत नाही. ती खाली दरीपासून वर जवळजवळ ३००० मीटरच्या कड्यांपर्यंत चढत गेलेली आहे. एकाच गावच्या शिवारात तळाशी द्राक्षे पिकण्याइतकी ऊब आणि माथ्यावर उन्हाळ्यातही बर्फाचे ठिपके, अशी ही उभी जमीन आहे.

आणि गंमत अशी, की ही जमीन कोरडी आहे. चारी बाजूंच्या उंच रांगा पावसाचे ढग अडवून धरतात. त्यामुळे या दरीत वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो, म्हणजे आपल्या अवर्षणाच्या पट्ट्यात पडतो जेमतेम तेवढा. चित्रातली हिरवळ आकाशातून पडलेली नाही. ती माणसांनी पाट काढून, बर्फाचे वितळलेले पाणी उतारावर फिरवून, शेणखत पाठीवर वाहून आणि दरवर्षी विळ्याने कापून तयार केलेली आहे. पाट बंद पडला की त्याच उतारावर तपकिरी खुरटे गवत उरते.

अशा उभ्या शिवारात एका कुटुंबाची मालमत्ता एका जागी असून चालत नसे. खाली द्राक्षांचा तुकडा, गावाच्या आसपास राय नावाच्या धान्याची शेते आणि भाजीचा वाफा, त्याच्या वर गवताची रानेच राने, आणि या प्रत्येक पट्टीत एखादा गोठा किंवा खोपटे. यात भर अशी, की वारसाहक्काने मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखा वाटा मिळे. त्यामुळे दर पिढीला तुकड्यांचे तुकडे होत. शेताची लांबीरुंदी पावलांनी मोजावी अशी स्थिती. लग्न झाले की नवऱ्याचे तुकडे आणि बायकोचे तुकडे मिळून नवा संसार उभा राही, आणि तो मोडला की पुन्हा वाटण्या. आपल्याकडील तुकडेबंदीचा कायदा करणाऱ्यांना हे ऐकून घाम फुटला असता. पण त्या डोंगरात या पद्धतीत एक शहाणपण होते. एका उंचीवर गारठ्याने पीक गेले तरी दुसऱ्या उंचीवर ते हाताला लागे. आणि गवत कापणीची कामे सगळीकडे एकाच दिवशी अंगावर पडत नसत. खाली गवत आधी पिकते, वर उशिरा.

गवत वाहून गाईपर्यंत नेण्यापेक्षा गाईला चालवत गवतापर्यंत नेणे सोपे. म्हणून हिवाळ्यात कुटुंबातले कोणीतरी गाईंना घेऊन या गोठ्यातून त्या गोठ्यात मुक्काम हलवीत असे. एका गोठ्यातली वैरण संपली की पुढचा गोठा. शेतातली माती दरवर्षी उतारावरून खाली सरकते, म्हणून आल्प्समधील अशा उभ्या शेतांत वसंत ऋतूत खालच्या कडेची माती टोपल्यांत भरून वरच्या कडेला नेऊन टाकण्याची चाल होती. हे काम पुष्कळदा बायकांकडे असे. चित्रात ते कोठेच दिसत नाही.

घरांचीही तीच तऱ्हा. खाली दगडी जोते, त्यावर लार्चच्या ओंडक्यांचे मजले. एकेका मजल्याचा मालक वेगळा, कधी अर्ध्या मजल्याचाही वेगळा. मुंबईपुण्यातील सदनिकाधारकांना वाटते की मजलेवार मालकी ही आपल्या काळाची निर्मिती आहे. या डोंगरी शेतकऱ्यांनी ती कित्येक पिढ्या आधी वापरात आणली होती. धान्याची कोठारे मात्र घरापासून वेगळी, लाकडी खांबांवर उभी. खांब आणि कोठार यांच्यामध्ये जात्याच्या तळीसारखी एकेक गोल सपाट शिळा बसवलेली. उंदीर खांबावर चढतो, पण शिळेच्या पोटाला उलटे लटकून तिच्या कडेपलीकडे त्याला जाता येत नाही. त्या कोठारात राय साठवीत. गावच्या सामाईक भट्टीत वर्षातून मोजक्याच वेळा पाव भाजले जात आणि ते महिनोन् महिने टिकवले जात. शेवटी शेवटी तो पाव इतका कडक होई, की तो कापायला निराळे अवजार लागे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. शेत, द्राक्षमळा, गवताचे रान, घर, कोठार ही सगळी खाजगी मालमत्ता होती. ट्योर्बेलचे लोक कोणत्याही अर्थाने समाजवादी नव्हते. बांधाच्या वीतभर जागेवरून भांडणे तिथेही होत असणारच. परंतु उन्हाळी कुरणे, जंगल, पडीक जमीन आणि वाटा या मात्र गावाच्या सामाईक. खाजगी जमीन व्यवहारात फिरत राहिली आणि सामाईक जमीन सामाईकच राहिली. त्या गावचे तेराव्या शतकापासूनचे, म्हणजे इ. स. १२२४ पासूनचे कागद शिल्लक आहेत, आणि त्यांत जमिनीचे कोणते प्रकार कोणाकडे कसे होते हे दिसते.

१ फेब्रुवारी १४८३ रोजी गावकऱ्यांनी एकत्र येऊन एक करार केला. कुरण, जंगल आणि पडीक जमीन यांचा वापर नीट चालावा म्हणून एक मंडळी स्थापन केली. या करारात एक कलम परक्यांविषयी होते. बाहेरच्या माणसाने ट्योर्बेलमध्ये जमीन विकत घेतली, तरी त्यामुळे त्याला सामाईक कुरणात गाय चारण्याचा किंवा जंगलातले झाड तोडण्याचा हक्क मिळणार नाही. हक्क जमिनीला चिकटलेला नव्हता, गावकीतल्या माणसाला चिकटलेला होता. आपल्याकडे मराठेशाहीतल्या गावांत मिरासदार आणि उपरी असा भेद असे, त्याची इथे आठवण होते.

त्यानंतर १५१७ सालचा नियम. तो असा, की ज्याला हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच त्याने उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवाव्यात. संपूर्ण नियम एवढाच आहे. मला तो जितका वेळ डोक्यात घोळवावा तितका अधिक आवडत गेला. गवताचा साठा किती आहे, कुरण किती गाई सोसेल, याचा हिशेब आजचे कृषिशास्त्रज्ञही बेताबेतानेच करतात. त्या वेळच्या शेतकऱ्यांनी तो अवघड हिशेब बाजूलाच ठेवला आणि सोपी गोष्ट मोजायला घेतली. हिवाळ्याचे सहासात महिने गाय गोठ्यात बांधलेली असते. तिला लागणारी वैरण ज्याने त्याने आपल्या खाजगी रानातून, आपल्या पाळीच्या पाण्यावर, आपल्या घामाने पिकवायची. ती वैरण किती आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना उघड्या डोळ्यांनी दिसते. तेव्हा वसंतात बाजारातून पाच गाई आणाव्यात, उन्हाळाभर गावच्या कुरणावर चारून पुष्ट कराव्यात आणि हिवाळ्यापूर्वी विकून पैसे करावेत, हा धंदा एका वाक्याने बंद झाला. पाहुण्यांची गुरे भाड्याने घेऊन चारण्याचा मार्गही बंद झाला. एका ऋतूच्या हावेला दुसऱ्या ऋतूचा लगाम घातला.

नियम करणे सोपे, तो पाळून घेणे कठीण, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. ट्योर्बेलमध्ये यासाठी गेवाल्टहाबर नावाचा गावचा अधिकारी असे. ठरल्यापेक्षा जास्त गाई धाडणाऱ्याला त्याने दंड करावा, आणि वसूल झालेल्या दंडाचा निम्मा हिस्सा त्याने स्वतः ठेवावा, अशी तरतूद होती. माणसाच्या सचोटीवर विश्वास ठेवावा, पण सचोटी त्याच्या फायद्याचीही असावी, असा हा व्यवहार. वर्षातून एकदा कुरणाच्या हक्कदारांची सभा भरे. तीत अधिकारी निवडले जात, उन्हाळ्यासाठी गुराखी आणि चीज करणारे नेमले जात, दंड ठरे, वाटा आणि गुरांचे वाडे यांच्या दुरुस्तीची कामे वाटली जात. हिमलोट कोसळून एखादी झोपडी मोडली असेल तर ती पुन्हा उभारायची. ज्याच्या गाई जास्त, त्याने कामाचे दिवस जास्त द्यायचे. उन्हाळाभर सगळ्यांच्या दुधाचे चीज एकत्रच होई आणि हंगाम संपला की ज्याने जितक्या गाई पाठवल्या त्या प्रमाणात ते वाटून दिले जाई.

सरपणाचीही व्यवस्था अशीच. कोणती झाडे तोडायची हे गावचे अधिकारी खुणा करून ठरवीत. हक्कदार घरांतली माणसे टोळ्या करून ती तोडीत, ओढून आणीत आणि शक्य तितके सारखे ढीग रचीत. कोणता ढीग कोणाचा हे शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरे. आपल्या वाट्याला कोणता ढीग येणार हे ठाऊक नसल्यामुळे रचणाऱ्याचे हात सगळेच ढीग सारखे रचण्याकडे आपोआप वळत. इतर वेळी झाडाला कुऱ्हाड लावण्यास बंदी. गावाच्या वरच्या अंगाचे जंगल हे नुसते सरपण नव्हते. हिमलोट आणि दरड यांच्यापासून गावाचे रक्षण करणारी ती भिंत होती.

पाण्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. वालिसमधील पाटांना जर्मन बोलीत 'सुओने' म्हणतात. कड्याच्या अंगावरून, कोठे लाकडी पन्हळी टांगून, मैलोन् मैल आणलेले हे पाट पाहून आजही छाती दडपते. पाण्याच्या पाळ्या तासांनी ठरलेल्या असत आणि त्या वारसाने, विक्रीने, हुंड्याने हातोहात फिरत. वरच्या वालिसमधील गावांत पाळीचे हक्क लाकडाच्या कांड्यांवर खुणा कोरून ठेवीत. प्रत्येक घराची खूण वेगळी. रॉबर्ट नेटिंग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने ट्योर्बेलच्या पाटपाण्याची चौकशी केली तेव्हा त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. संपूर्ण व्यवस्था सांगू शकेल असा माणूसच गावात नव्हता. प्रत्येकाला स्वतःची पाळी, स्वतःचे दार आणि आपल्या आधीचा-नंतरचा शेजारी एवढेच पक्के माहीत. या विषयावरील १९७४ च्या निबंधाला त्याने नावच दिले, 'कोणालाच ठाऊक नसलेली व्यवस्था'.

या नेटिंगविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याच्याशिवाय ट्योर्बेलचे नाव आपल्यापर्यंत पोचले नसते. त्याने आधी नायजेरियातील कोफ्यार या डोंगरी शेतकरी जमातीत काम केले होते. १९७० च्या सुमारास तो आल्प्सकडे वळला. चर्चमधील जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या, खरेदीखते आणि करारनामे ताडून पाहत त्याने या एका गावाचा शेकडो वर्षांचा संसार मांडला. त्याचे पुस्तक १९८१ साली निघाले. त्या अगोदर, १९६८ मध्ये, गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाचा सामाईक मालमत्तेच्या शोकांतिकेवरील निबंध जगभर गाजला होता. कुरण सगळ्यांचे असले की प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडणार आणि शेवटी कुरणाची माती होणार, असे त्याचे प्रतिपादन. उपाय म्हणून एकतर वाटून टाका, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. हार्डिनचे गुराखी कागदावरचे होते. ते एकमेकांशी बोलत नव्हते. ट्योर्बेलचे गुराखी १४८३ पासून एकमेकांशी बोलत होते, भांडत होते आणि दंडही भरत होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० च्या आपल्या ग्रंथात जपानी खेडी, स्पेनमधील पाटसंस्था आणि फिलिपिन्समधील पाणी मंडळ्या यांच्या पंक्तीला ट्योर्बेल आणून बसवले. २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, रामराज्यच की हे! तसे समजू नये. कुरणावर गाईंची संख्या बांधली, म्हणजे त्या गाईंवर जगणाऱ्या माणसांची संख्याही कोठेतरी बांधली गेली. ती कशी, हे करारनाम्यात लिहिलेले नाही. ते चर्चच्या नोंदवह्यांत दिसते. लग्ने उशिरा होत. पुष्कळ स्त्रीपुरुषांची होतच नसत. भावाच्या घरात एका खोलीत राहून, त्याच्या गाई राखून, स्वतःचा संसार न करता आयुष्य काढणारे काका आणि आत्या हा या व्यवस्थेचा अलिखित भाग होता. काही तरुण परदेशी राजांच्या फौजांत भाडोत्री शिपाई म्हणून गेले. काही समुद्रापार गेले. अर्जेंटिनातील सान हेरोनिमो नोर्ते ही वसाहत १८५८ साली वरच्या वालिसमधून गेलेल्या कुटुंबांनीच वसवली. ज्याचे रान मोठे त्याच्या वैरणीच्या गंज्या मोठ्या आणि कुरणावर त्याच्या गाईही जास्त; १५१७ च्या नियमाने गरिबाला श्रीमंताच्या बरोबरीला आणले नाही. आणि परक्याला तर दारच बंद होते.

शिवाय गावच्या सभेत बसत ते पुरुष. माती वर नेणाऱ्या, गवत कापणाऱ्या बाईला तिथे मत नव्हते. या बाबतीत एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ट्योर्बेलपासून फार दूर नसलेल्या उंटरबेख या डोंगरी गावात मार्च १९५७ मध्ये एक गोष्ट घडली. स्त्रियांवर नागरी संरक्षणाची सेवा सक्तीची करावी की नाही, यावर साऱ्या देशात मतदान होते आणि मत देणार होते फक्त पुरुष. उंटरबेखच्या ग्रामपंचायतीने वरिष्ठांना न जुमानता ठरवले, की प्रश्न बायकांचा आहे तर बायकांनीही मत द्यावे. काटारिना त्सेनहॉयझर्न या बाईने पहिली चिठ्ठी पेटीत टाकली. ती सरपंचाची पत्नी. एकंदर ३३ स्त्रियांनी मत दिले. त्या चिठ्ठ्या वेगळ्या पेटीत ठेवल्या गेल्या आणि सरकारने त्या मोजल्या नाहीत. वालिसमध्ये राज्याच्या कारभारात स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९७० मध्ये आणि संबंध स्वित्झर्लंडमध्ये १९७१ मध्ये. म्हणजे नेटिंग ट्योर्बेलमध्ये बसून जुने कागद उलगडत होता तेव्हा! भारतातील शेतमजूर बाईने तोवर चार सार्वत्रिक निवडणुकांत मत दिलेले होते.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येतो, कारण तो वेगानेच घडला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बटाटा आला आणि तेवढ्याच जमिनीत अधिक तोंडे जगू लागली. एकोणिसाव्या शतकात गावची वस्ती वाढली. १८७८ मध्ये आगगाडी फिस्पपर्यंत पोचली आणि १८९१ मध्ये तिथून त्सेरमाटपर्यंतचा दरीतला लोहमार्ग पुरा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी फिस्पला लोन्झा कंपनीचा रासायनिक कारखाना आला. ट्योर्बेलचा शेतकरी पाळीवर कारखान्यात जाऊ लागला आणि उरलेल्या वेळात गवत कापू लागला. रायची शेते हळूहळू गवताखाली गेली, कारण पाव आता दुकानात मिळू लागला. २०२० नंतरच्या महामारीत मॉडर्ना लसीचा मूळ घटक फिस्पच्याच कारखान्यात तयार होत होता, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल.

आज गावात सुमारे पाचशे माणसे राहतात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने युरोपातील पारंपरिक पाटपाण्याच्या ज्ञानाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यात स्वित्झर्लंडही आहे. मात्र प्रत्यक्ष रानात आता पुष्कळ ठिकाणी नळ आणि तुषारसिंचनाचे फवारे आले आहेत. डोंगरी गावांपुढचा प्रश्नही उलटा झाला आहे. जादा गाई कशा रोखाव्यात, ही १५१७ ची विवंचना. आता अवघड जागची राने कापायला माणूस मिळत नाही, आणि जिथे गाय चरत नाही तिथे दोनचार वर्षांत झुडपे शिरतात, त्यांच्यामागून लार्चची रोपे वर येतात आणि कुरण जंगलात विरून जाते. सरकार उतारावरच्या शेतकऱ्याला कुरण राखण्यासाठी अनुदान देते. ज्या गोठ्यांतून हिवाळाभर गाईंचे मुक्काम हलत, त्यांतले कित्येक रिकामे पडले आहेत, आणि काहींना खिडक्या बसवून उन्हाळ्यात शहरातली माणसे तिथे सुट्टी घालवायला येतात.